आधी अंगावर वस्त्र, मग अनित्यतेची गोष्ट

२६ डिसेंबर २००४, रविवार. आपल्याकडे मार्गशीर्ष पौर्णिमा, श्रीलंकेत उंदुवप पोय. तिथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि त्यात या पौर्णिमेचा मान मोठा. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत आली ती याच पौर्णिमेला, अशी तिथली परंपरा आहे. लोक पांढरे कपडे घालून सकाळीच विहारात जातात, अष्टशील घेतात आणि दिवसभर तिथेच थांबतात. त्या दिवशी सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी ९ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा लंकेत सकाळचे सात वाजत होते. पुढच्या दोन तासांत पाणी पूर्व किनाऱ्यावर चढलं आणि बेटाला वळसा घालून साडेनऊच्या सुमारास नैऋत्येकडच्या गॉल-हिक्कडुवा पट्ट्यात शिरलं. मृत आणि बेपत्ता मिळून ३५ हजारांच्या आसपास माणसं गेली, सुमारे ५ लाख बेघर झाली.

हिक्कडुवाजवळच्या पेरलिया गावात कोलंबोहून आलेली गच्च भरलेली आगगाडी पहिल्या लाटेच्या पाण्यात थांबली. गाडीचे डबे जड, ते काही वाहून जायचे नाहीत, असं वाटून गावातले लोकही डब्यांत आणि टपावर चढले, मुलांना आत देऊ लागले. दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी उंच होती. तिने डबे रुळांवरून उचलून फेकले. दीड हजाराहून अधिक माणसं तिथे गेली. रेल्वेच्या इतिहासात एका गाडीच्या अपघातात एवढे जीव गेल्याचं दुसरं उदाहरण सापडत नाही.

सगळ्यात जास्त मृत्यू पूर्वेकडच्या अंपारा जिल्ह्यात झाले आणि तिथल्या किनाऱ्यावर मुस्लिम आणि तमिळ वस्ती मोठी आहे, हे आधीच सांगायला हवं. ‘बौद्ध देशावर आलेलं संकट’ ही मांडणी म्हणून अर्धवट आहे. या लेखात मी दक्षिण किनाऱ्यावरच्या सिंहली बौद्ध घरांबद्दल बोलणार आहे, कारण प्रश्न धम्माचा आहे: सगळं अनित्य आहे असं जो धम्म रोज सांगतो, तो घर वाहून गेलेल्या माणसाला नेमकं काय सांगतो?

अशा वेळी पहिला प्रश्न उठतो तो ‘आम्हीच का?’ आणि या प्रश्नाचं एक तयार उत्तर बौद्ध समाजात पिढ्यान्‌पिढ्या पडून असतं: कर्म. त्सुनामीनंतरही ते निघालं. कोळी रोज हजारो मासे मारतात, त्याचं हे फळ, असं कुणी म्हणालं. किनाऱ्यावर दारू आणि मौजमजा फार झाली होती, असं आणखी कुणी. एक जुनी कथाही लोकांना आठवली. केलणियाच्या तिस्स राजाने एका निरपराध भिक्खूला उकळत्या तेलात टाकलं, समुद्र खवळून आत आला आणि तो शांत व्हावा म्हणून राजाने आपली मुलगी होडीत घालून लाटांवर सोडली. ती राजकन्या पुढे दक्षिणेला किनाऱ्याला लागली आणि दुट्टगामणी राजाची आई झाली. लंकेत शाळकरी पोरालाही ही कथा माहीत असते. तिच्यात समुद्र पाप मोजतो.

बुद्धवचनांत मात्र या ‘सगळं कर्मामुळे’ला चोख उत्तर आहे. मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धांना विचारतो: माणसाला जे जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, हे तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, अचानक बसलेला घाव, आणि आठवं कर्माचं फळ. म्हणजे आठांतलं एक. पुढे ते म्हणतात की सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला जे कळू शकतं आणि जगात जे खरं मानलं जातं, या दोन्हींच्या पलीकडे धाव घेतात. ते त्यांचं चुकतं. एवढ्या थेट भाषेत नकार देण्याचे प्रसंग त्रिपिटकात फार नाहीत.

नंतरच्या अट्ठकथाकारांनी, म्हणजे त्रिपिटकावर भाष्य लिहिणाऱ्यांनी, हाच धागा धरून पाच नियम सांगितले: उतु, बीज, कम्म, चित्त आणि धम्म. ऊन-पाऊस, वारा, जमीन-पाण्याच्या हालचाली हे उतुनियमाचं क्षेत्र, आंब्याच्या कोयीतून आंबाच उगवतो हे बीजनियमाचं. कर्म हा पाचांतला फक्त एक. त्या दिवशी भारतीय भूपट्ट सुमात्राच्या बाजूला खाली सरकला आणि हजारभर किलोमीटरहून लांब भेग फाटली, हे सरळसरळ उतुनियमात बसतं. भूकंप का होतात, असं आनंद या शिष्याने विचारल्यावरही बुद्धांच्या तोंडी पहिलं कारण येतं ते असं: पृथ्वी पाण्यावर आहे, पाणी वाऱ्यावर आहे, मोठा वारा सुटला की पाणी हलतं आणि पाणी हललं की जमीन हलते. भूगर्भशास्त्र म्हणून हे अर्थातच टिकत नाही. त्याच यादीतली पुढची कारणं देवतांच्या सामर्थ्याशी आणि बुद्धांच्या जन्म-बोधी-परिनिर्वाणाशी जोडलेली आहेत, तीही लपवायला नकोत. पण कुणाच्या पापामुळे भूकंप होतो, हे कारण त्या यादीत नाही.

महाराष्ट्रातल्या बौद्धांना हा वाद नवा नाही. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, आणि त्यांचं कारण रोखठोक होतं: गरीब-दलितांच्या परिस्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, यापलीकडे अशा सिद्धांताचा काही उपयोग दिसत नाही. श्रीलंकेतले बहुतेक थेरवादी भिक्खू एवढ्या टोकाला जाणार नाहीत, पुनर्जन्म आणि पूर्वकर्म ते मानतात. तरी पेरलियाच्या बाबतीत बाबासाहेबांचा जबाबदारीचा मुद्दा किती नेमका लागू पडतो पाहा. त्या भागातल्या समुद्रातली पोवळ्यांची भिंत वर्षानुवर्षं बेकायदा फोडली जात होती, बराचसा माल चुन्याच्या भट्ट्यांसाठी. लाटेनंतर पाहणी करणाऱ्या संशोधकांना असं आढळलं की जिथे पोवळी शाबूत होती त्या हिक्कडुवात पाणी थोडंच आत आलं, आणि तिथून काहीच किलोमीटरवर, जिथे पोवळी उपसली होती त्या पेरलियात ते दीड किलोमीटरपर्यंत घुसलं. कर्म शोधायचंच असेल तर ते या जन्मातच, समुद्राच्या तळाशी, सापडतं. आणि ते करणारे आणि भोगणारे बहुतेक वेगळे होते.

आता अनित्यतेकडे येऊ. ‘अनिच्चा वत संखारा’ ही गाथा बौद्ध घरात वाढलेल्या मराठी वाचकाला पाठ असते, अंत्यविधीत ती म्हटली जातेच. घडलेल्या सगळ्या गोष्टी अनित्य आहेत, उपजणं आणि नाहीसं होणं हा त्यांचा स्वभाव आहे, त्या उपजून विरतात, त्यांचं शांत होणं हेच सुख. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात बसलेल्यांनी ‘अनिच्च’ हा शब्द दहा दिवसांत कितीदा ऐकलेला असतो याचा हिशोब नाही. शब्द ओळखीचा असल्यामुळेच एक घोटाळा होतो. अनित्यता म्हणजे ‘काय करणार, जायचंच असतं सगळ्यांना’ असा सुस्कारा आहे, असं आपण धरून चालतो.

सुस्कारा टाकायला धम्म लागत नाही. अनित्यतेचा बौद्ध अर्थ जास्त कडक आहे: जी गोष्ट कारणांमुळे घडली ती कारणं बदलली की बदलणार, आणि कारणं सतत बदलत असतात, म्हणून ती गोष्ट आत्ताही, शाबूत दिसतानाही, बदलतेच आहे. लाटेने घर अनित्य केलं नाही. ते बांधलं त्या दिवसापासून अनित्य होतं. हे ऐकायला थंड वाटतं, आणि ज्याच्या घराचा नुसता जोता उरलाय त्याला हे त्याच दिवशी ऐकवणं क्रूरपणाच आहे. गंमत अशी की परंपरेला हे पक्कं ठाऊक आहे. पटाचाराची कथा त्यासाठीच वाचावी.

पटाचारा श्रावस्तीच्या सधन घरातली. घरच्या नोकराबरोबर पळून गेलेली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघते, वाटेत वादळी पाऊस गाठतो आणि तिथेच कळा सुरू होतात. आडोसा करायला नवरा फांद्या तोडायला जातो, त्याला वारुळाशी साप चावतो. रात्रभर ती तान्ह्या बाळावर आणि थोरल्यावर आपल्या अंगाचं छप्पर करते. सकाळी नवऱ्याचं प्रेत दिसतं. पुढे अचिरवती नदी पुराने फुगलेली. दोन्ही मुलं घेऊन उतरणं शक्य नाही, म्हणून थोरल्याला अलीकडे ठेवून ती तान्ह्याला पलीकडे पाल्यावर निजवते आणि परत फिरते. मध्यावर असताना बहिरी ससाणा तान्ह्यावर झेप घेतो. ती हात वर करून ओरडते, आणि अलीकडच्या पोराला वाटतं आई बोलावतेय. ते पाण्यात उतरतं आणि वाहून जातं. गावाच्या वेशीवर एक वाटसरू सांगतो की रात्रीच्या वादळात तिच्या आईवडिलांचं घर कोसळलं, भावासकट तिघांना एकाच चितेवर ठेवलंय, तो बघ धूर.

तिचं भान जातं. अंगावरचं वस्त्र गळून पडतं, तेही तिला कळत नाही. लोक वेडी म्हणून हुसकावतात, दगड-ढेकळं मारतात. ती बुद्धांच्या जेतवन विहारात पोहोचते तेव्हा तिथले उपासकही तिला अडवू पाहतात. बुद्ध म्हणतात, येऊ द्या तिला. आणि तिला उद्देशून त्यांचं पहिलं वाक्य एवढंच: भगिनी, भानावर ये. तेव्हा तिला आपण उघड्या आहोत हे कळतं, ती खाली बसते, आणि कुणीतरी पुरुष अंगावरचा शेला काढून तिच्याकडे टाकतो. ती तो गुंडाळते. मग ती स्वतः, आपल्या तोंडाने, काय काय झालं ते सगळं सांगते. बुद्ध ऐकतात. त्यानंतर उपदेश.

माझ्या मते सगळा धम्म या क्रमात आहे. आधी आत येऊ देणं, मग वस्त्र, मग तिचं बोलणं, आणि सगळ्यात शेवटी अनित्यता. उपदेशही तिच्या दुःखाला लहान करणारा नाही: जन्मोजन्मी आप्तांसाठी गाळलेली आसवं चार समुद्रांच्या पाण्यापेक्षा जास्त आहेत, असं बुद्ध सांगतात. तू एकटी नाहीस, हा त्याचा अर्थ. आणि तरीही तेवढ्याने पटाचारा मुक्त होत नाही. ती भिक्खुणी होते, आणि बऱ्याच काळानंतर एका संध्याकाळी पाय धुताना तिच्या लक्षात येतं की ओतलेलं पाणी थोडं पुढे जाऊन जमिनीत जिरतं, दुसऱ्या वेळी जरा लांब, तिसऱ्या वेळी आणखी लांब. कुणाचं आयुष्य आखूड, कुणाचं मधलं, कुणाचं लांब, पण जिरतं सगळंच. जे पाणी तिचं पोर घेऊन गेलं, त्याच पाण्याकडे ती आता न घाबरता पाहू शकते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही, तिने पाहिलेलं आहे. पुढे मुलं गमावलेल्या कितीतरी बायका तिच्याकडे येत आणि तिच्या शब्दांनी सावरत, असं थेरींच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींच्या, गाथांमधून दिसतं.

दक्षिण लंकेत २००४ च्या डिसेंबरात ‘वस्त्र’ सरकारच्या आधी शेजारच्या गावांनी पुरवलं. आतल्या भागातून लोक केळीच्या पानात किंवा कागदात बांधलेली भाताची पुडकी, साड्या, सारोंग, पिण्याचं पाणी घेऊन किनाऱ्याकडे निघाले. विहारांची अंगणं छावण्या झाली, तिथे इतर धर्मांच्या लोकांनाही आसरा मिळाला. हे एका रात्रीत उभं राहिलं, कारण त्याची सवय होती. वैशाख पौर्णिमेला तिथे रस्तोरस्ती ‘दन्सल’ लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून फुकट जेवू घालतात. शंभर माणसांचा भात रांधायचा कसा हे गल्लीतल्या पोरांना माहीत असतं. १९५८ पासून खेड्यापाड्यांत काम करणारी सर्वोदय श्रमदान चळवळही लगोलग उतरली. तिचे संस्थापक ए. टी. अरियरत्न यांनी गांधी आणि विनोबांकडून प्रेरणा घेतलेली, म्हणजे त्या मदतीत पवनारचाही एक धागा होता.

मग विधी. सिंहली बौद्ध घरात मृत्यूनंतर भिक्खूंना पांढरं कापड अर्पण करतात, त्याला पांसुकूल म्हणतात, आणि त्याच वेळी ‘अनिच्चा वत संखारा’ म्हटलं जातं. त्यानंतर घरचे लोक चटईवर दाटीने बसतात. समोर ताटलीत एक कप ठेवलेला असतो. सगळे मिळून एका भांड्याला हात लावतात, ज्याचा हात पोहोचत नाही तो पुढच्याच्या खांद्याला लावतो, आणि त्या भांड्यातून कपात पाण्याची धार सोडतात. कप भरतो, काठावरून ओसंडतो, ताटलीत उतरतो, तरी धार चालू राहते. भिक्खू म्हणत असतात: ‘यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं, एवमेव इतो दिन्नं पेतानं उपकप्पति.’ पाण्याने भरलेल्या नद्या जशा सागर भरतात, तसं इथून दिलेलं दिवंगतांना पोहोचतं. ज्या घरातली माणसं सागरानेच नेली, तिथेही गाथा हीच. आपल्याकडच्या बौद्ध कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होतं, त्याचं हे जवळचं भावंड.

इथे चिकित्सक वाचक अडेल, आणि त्याने अडावंच. आत्मा नाही म्हणता, मग पाणी पोहोचतं कुणाला? भिक्खूंचं ठरलेलं उत्तर असं की पाणी कुणाला पोहोचवायचं नसतंच. घरच्यांनी दान दिलं, चांगलं काम केलं. दिवंगत जिथे कुठे असेल तिथे त्याला त्याचा आनंद वाटला तर तो आनंद हेच त्याचं पुण्य. तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर हे पूर्ण समाधान करत नाही, असं मला वाटतं, आणि परंपरेत यावर वाद झालेलेही आहेत. पण वरची नद्यांची गाथा ज्या सुत्तातली, त्याच सुत्तात एक परखड ओळ आहे: रडणं, शोक, विलाप यातलं काहीच मेलेल्याच्या उपयोगी पडत नाही. ज्याच्या हाताला आता काहीच करण्यासारखं उरलेलं नाही, त्याला ही परंपरा एक करण्यासारखी गोष्ट देते.

त्सुनामीत तर कित्येकांचे मृतदेहच मिळाले नाहीत. ओळख न पटलेली शेकडो प्रेतं घाईघाईने सामूहिक खड्ड्यांत पुरावी लागली. अंत्यसंस्कार देहावर टेकलेला असतो, तो हुकला की कुटुंब अधांतरी लटकतं. या जागी बौद्ध विधींची एक रचना कामी आली. सातव्या दिवसाचं दान, तीन महिन्यांचं, वर्षाचं, यांतल्या कशालाही देह लागत नाही. भिक्खूंना जेवण द्यायचं, बण म्हणजे प्रवचन ऐकायचं, पाणी ओतायचं. ‘बेपत्ता’ माणसाचं नाव दिवंगतांत कधी घ्यायचं हा निर्णय मात्र प्रत्येक घराला स्वतःच घ्यावा लागला, आणि काही आया तो घ्यायला वर्षानुवर्षं तयार नव्हत्या. त्यावर कुठल्याही सुत्तात तोडगा नाही.

अनित्यता शोकाच्या दिवशी सांगायची नसेल तर मग कधी? उत्तर सोपं आहे: आधी, आणि रोज. मरणसती नावाची साधना त्यासाठी आहे. बुद्ध भिक्खूंना विचारतात, तुम्ही मरणाचं स्मरण कसं करता? एक म्हणतो, अजून एक दिवस-रात्र जगलो तर किती बरं. दुसरा म्हणतो, एक जेवण होईपर्यंत. आणखी एक म्हणतो, एक घास चावून गिळेपर्यंत. शेवटचा म्हणतो, एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत. घासवाला आणि श्वासवाला हे दोघेच जागे आहेत, बाकीचे गाफील, असा बुद्धांचा निवाडा. यात उदास होणं अपेक्षित नाही. बुद्धांचे अखेरचे शब्द म्हणून जे सांगितले जातात त्यातही दोन गोष्टी एकाच दमात येतात: घडलेलं सगळं नाशिवंत आहे, अप्रमादाने आपलं काम पुरं करा. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणं. पहिला अर्धा भाग आपण अंत्यविधीत म्हणतो, दुसरा अर्धा सोडून देतो.

समुद्रकाठच्या माणसासाठी त्या दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ फार व्यवहारी निघतो. पॅसिफिक महासागरात त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र १९४९ पासून होतं, हिंदी महासागरात २००४ साली काहीच नव्हतं. भूकंप आणि गॉलची लाट यांच्यात दोन तासांहून जास्त वेळ गेला, आणि त्या वेळात किनाऱ्यावर कुणालाही काही कळलं नाही. समुद्र अचानक मागे हटला तेव्हा लोक उघड्या पडलेल्या तळावर मासे वेचायला आणि बघायला पुढे गेले. नंतर यंत्रणा उभी राहिली. हैदराबादचं भारतीय केंद्र २००७ मध्ये सुरू झालं, लंकेत किनाऱ्यावर भोंग्यांचे मनोरे आणि ‘इकडे पळा’ सांगणाऱ्या पाट्या लागल्या. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. या वेळी इशारा वेळेत पोहोचला आणि लंकेच्या किनाऱ्यावरचे लोक घरं सोडून उंच जागी गेले. मोठी लाट आली नाही, संध्याकाळी इशारा मागे घेतला गेला आणि सगळे आपापल्या घरी परतले.